तळ्याआधी तरमीम

खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, आमचं शेत 214/2 आहे. नकाशात 214/2 नावाचं काही नव्हतंच. सासरे आणि धाकट्या काकांची वाटणी झाली तेव्हा कागदावर नंबर फुटला, नकाशावर कुणी फोडला नाही. त्या राहिलेल्या रेघेला आमच्या इंदूरकडे तरमीम म्हणतात. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, हा शब्द कधी कानावर आला नव्हता.

शेतात माशांचं तळं करायचं होतं. मत्स्य विभागाचा माणूस आला तेव्हा सगळं सोपं वाटलं. त्याने ओल्या मातीचा गोळा वळला, वर उडवून झेलला. फुटला नाही. म्हणाला, काळी माती आहे, पाणी धरेल, फक्त उन्हात भेगा पडतात तर पाळ नीट दाबून घ्या. ओढ्याच्या पुरापासून जागा उंच, ट्यूबवेल जवळ. जागा पास! मग नकाशाची प्रत मागितली, तळं कुठं होणार त्यावर खूण करा म्हणे. कुठं करणार? 214 चा एकच तुकडा, अर्धा काकांचा.

मी आपली हुशारीने थेट सीमांकनाचा अर्ज टाकला (भू-राजस्व संहिता 1959, कलम 129). तरमीमच नाही तर सीमा कशाची मोजायची, म्हणून तो परत आला. फी गेली ती गेलीच. मग तरमीमच्या मागे लागले. पटवारी (आपला तलाठी) म्हणाला, सोयाबीन उभं आहे, कापणीनंतर या. कापणीनंतर गेले तर गहू पेरलेला. गहू निघाला तर त्याची बदली. नवा म्हणे, "मॅडम, बस्ता अभी मिला नहीं।" बस्ता म्हणजे गावाच्या नोंदींचं दप्तर. तहसीलच्या त्या बाकाचा एक पाय आखूड आहे, कुठल्या बाजूला बसलं की डुलत नाही हेसुद्धा मला पाठ झालं.

जाऊबाई म्हणाल्या, सोड, गावतळ्याचा भाडेपट्टा घे. 10 हेक्टरपर्यंतचं तळं ग्रामपंचायतीकडे असतं खरं, पण तिथे पहिला हक्क मच्छीमारांच्या समित्यांचा, आणि तो असायलाच हवा.

शेवटी 181 वर, मुख्यमंत्री हेल्पलाइनला, तक्रार केली. लगेच फोन, आधी तक्रार बंद करा, मग काम करू. नाही केली. तुम्हीही करू नका, कागद हातात पडेपर्यंत. आणि हो, लोकसेवा केंद्राची अर्जाची पावती जपून ठेवा, तक्रारीत तिचाच नंबर लागतो.

मग एका दुपारी पटवाऱ्याने जुना लट्ठा उलगडला. मेणचट कापडाचा नकाशा, घड्यांवर विरलेला. फूटपट्टी धरून लाल शाईची बोटभर रेघ ओढली. दोन मिनिटं लागली असतील. चौदा महिन्यांनी! मी तिथेच उभी होते, रडू आलं की हसू, कळेना. संगणकावर चढायला आणखी तीन आठवडे.

पुढचं भराभर झालं. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत नव्या तळ्याला हेक्टरी 7 लाख खर्च धरतात. अनुदान 40 टक्के, महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना 60. जमीन यांनी आधीच माझ्या नावे केली होती, ती अशी कामी आली. पैसे मात्र काम झाल्यावर येतात, पोकलेनवाला तोवर थांबत नाही.

कटला, रोहू, मृगळ सोडलेत. काका संध्याकाळी पाळीवर येऊन बसतात आणि रेघ त्यांच्याकडे दीड हात सरकली आहे म्हणतात. सीमांकनाची फी आता त्यांनी भरावी.