कोड न दाखवणारी गाडी

सावंतवाडीहून परतताना आंबोलीच्या चढावर गाडी अचानक दम टाकते, बाजूला घेऊन बंद-चालू केली की काही किलोमीटर नीट ओढते, अशी तक्रार घेऊन १.३ लिटर डिझेल इंजिनाची, बीएस-४ काळातली एक गाडी आमच्या कोल्हापूरच्या गॅरेजात आली. मालकांनी ती सेकंडहँड घेतलेली होती. आधीच्या गॅरेजने डिझेल फिल्टर, एअरफ्लो सेन्सर आणि टर्बोचा होज बदलून अखेर टर्बोच गेल्याचे सांगितले होते. स्कॅनरवर बिघाडाचा कोड दिसला नाही की पार्ट बदलत सुटायचे, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड आहे आणि तिचे बिल नेहमी गिऱ्हाईकच भरते.

बंद-चालू केल्यावर ताकद परत येणे ही लिंप मोडची खूण असते. ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, काहीतरी खटकलेले असते, म्हणून तो इंजिन वाचवण्यासाठी टॉर्क आवळतो. मग कोडही नोंदलेला असायला हवा, पण इथे एकही नव्हता. मी इंजिन चालू ठेवून ईजीआर व्हॉल्व्हचा, म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेचा, वायरचा कपलर काढला. त्याच्या सर्किटचा कोड पी०४०३ यायला हवा होता, तो आला नाही. कूलंट सेन्सरचा कपलर काढताच मात्र त्याचा पी०११८ लगेच नोंदला गेला. म्हणजे ठरावीक तक्रारींपुरती या ईसीयूची वाचा बंद केलेली होती. सर्व्हिसला आलेल्या त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीशी ताडून पाहिले, तेव्हा कॅलिब्रेशनचा, म्हणजे ईसीयूतल्या फाईलचा, क्रमांक तोच, पण सीव्हीएन, म्हणजे फाईलवरून निघणारा पडताळणीचा आकडा, वेगळा निघाला. गाडी रिमॅप केलेली, म्हणजे ईसीयूची मूळ फाईल बदललेली होती.

मग मालकांना शेजारी बसवून गाडी पन्हाळ्याच्या चढावर नेली. आयडलला मागितलेले आणि मिळणारे रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीतले प्रेशर, जुळत होते. तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबताच ईसीयू १५०० बारच्या घरात मागू लागला आणि रेलमध्ये ११०० च्या पुढे प्रेशर चढेना. अशा वेळी येणारा कमी प्रेशरचा कोड पी००८७ फाईलमध्ये बंद केलेला होता, टॉर्क आवळण्याची क्रिया मात्र तशीच सोडलेली होती. इतके अर्धवट काम करून लोक पैसे कसे घेतात, हे मला कळत नाही. चारही इंजेक्टरांच्या रिटर्नला नळ्या जोडून बाटल्या लावल्या, तेव्हा इतर बाटल्या पाव भरेपर्यंत तिसरी काठोकाठ आली, म्हणजे तिसरा इंजेक्टर गळत होता आणि प्रेशर तिथेच जात होते.

इंजेक्टर बदलला, त्यावर छापलेला त्याचा स्वतःचा कोड ईसीयूत भरला आणि ओरिजिनल फाईल टाकली. तरी एक गोष्ट डोक्यातून जात नाही: पी००८७ बंद केला कशासाठी? वाढीव डिझेल मागणारी फाईल टाकल्यावर पंपाला तेवढे प्रेशर देणे जमेना म्हणून, की इंजेक्टर आधीच गळत होता आणि विक्रीपूर्वी चेक इंजिनचा दिवा विझवायचा होता म्हणून? पहिल्या कारणात अडाणीपणा आहे, दुसऱ्यात फसवणूक, आणि फाईल दोन्ही वेळा सारखीच दिसली असती.

काही दिवसांनी मालक परत आले. चेक इंजिनचा दिवा लागला होता आणि कोड होता पी०४०१, म्हणजे ईजीआरमधून पुरेसा धूर जात नसल्याचा. ईजीआरच्या पाइपाच्या जोडात कुणीतरी धुराची वाट बंद करणारी पत्र्याची ब्लँकिंग प्लेट बसवून ठेवली होती, जी ओरिजिनल फाईलने आता पकडली होती.

“मिस्त्री, आधी गाडी ओढत नव्हती, पण दिवा तरी लागत नव्हता,” ते म्हणाले. “आणि पिकअपही पहिल्यासारखा वाटत नाही.”

प्लेट काढून दिली. पिकअपवर आमचे एकमत झालेले नाही. ते आता चांगल्या रिमॅपवाल्याच्या शोधात आहेत.