आमची वाटचाल: गोठलेल्या मधापासून पहिल्या मीडपर्यंत

आमचा धंदा मुळात मधाचा, मीड म्हणजे मधाची वाइन, ती नंतर आली. लातूर जिल्ह्यात मेलिफेरा जातीच्या पाळीव मधमाशांच्या पेट्या ठेवतो, सूर्यफूल फुललं की सूर्यफुलात, मग ओवा, मग करडई, जिकडं फुलोरा तिकडं टेम्पो. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी येत होतं तेव्हा रानात फूलच नव्हतं, साखरपाणी ठेवून माशा जगवल्या, त्या वर्षी मध विकायला नाहीच निघाला पण वसाहती टिकल्या आणि त्यावरच पुढचं सगळं उभं राहिलं.

सूर्यफुलाच्या मधात ग्लुकोज जास्त असतं, त्यामुळं थंडी पडली की तो तुपासारखा गोठून बसतो. आणि गिऱ्हाईक म्हणतं साखर घातलीय. कितीही सांगा की गोठणं म्हणजे भेसळ नव्हे, दुकानदार बाटल्या परतच पाठवतात. एक नंबर मध गोडाऊनला पडून आणि व्यापारी पाडून भाव मागतोय, लई जीव तुटायचा. मीडचा विचार तिथून आला, कारण मध, पाणी आणि यीस्ट आंबवून वाइन करायची म्हणल्यावर मध गोठलेला होता का पातळ ह्यानं काही फरक पडत नाही.

पण आपल्याकडं १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, लायसन्सशिवाय घरात एक बरणीसुद्धा लावता येत नाही, त्यामुळं आधी लायसन्स आणि मगच मीड हे ठरलेलं होतं. कागदपत्रं करता करता चपला झिजल्या. आई माळकरी, ती म्हणली, "बाबा, धंदा कर पण माझ्या घरात नको." तिचा शब्द मोडायचा प्रश्नच नव्हता, शेतातली जुनी दगडी खोली चुना मारून, फरशी घालून घेतली.

पहिली बॅच मुद्दाम छोटी, २० लिटरची, आणि मुद्दाम हिवाळ्यात. यीस्टला २० ते २२ अंश मानवतं, आपल्याकडचं मे महिन्याचं ४२ नाही, तापलं की मीडला घसा जाळणारी चव येते. दगडी खोली तशी गार असते, तरी दुपारी कॅनभोवती ओलं पोतं गुंडाळायचो.

६ किलो मध घेतला. डबा कोमट पाण्यात ठेवून विरघळवला, उकळला नाही, बऱ्याच जणांना वाटतं उकळावा लागतो पण उकळला की फुलाचा वास उडून जातो आणि मग सूर्यफुलाचा काय न साखरेचा काय, सारखंच. पाणी घालून २० लिटर केलं, हायड्रोमीटरवर, म्हणजे पाण्यात किती साखर विरघळलीय ते घनतेवरून दाखवणाऱ्या मीटरवर, १.०८८ आलं (नुसतं पाणी १.०००). मधात पाणी १७-१८ टक्केच असतं म्हणून तो वर्षानुवर्षं आंबत नाही, पातळ केला की यीस्टचं काम सुरू. फक्त मधात नायट्रोजन जवळपास नसतोच, यीस्ट उपाशी राहिलं की सडक्या अंड्याचा वास मारतो. त्यासाठी नायट्रोजन देणारं डीएपी लागतं, शेतात टाकतो ते खत नव्हे बरं का, फूड ग्रेडचं वेगळं मिळतं. तेही एकदम नाही, सुरुवातीच्या तीन-चार दिवसांत थोडं थोडं. आणि टाकायच्या आधी हळूहळू ढवळून आतला गॅस काढायचा, कोरडी पावडर तशीच टाकली तर फेस उसळून अर्धं मीड फरशीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी एअरलॉकमधून, म्हणजे कॅनच्या तोंडावरच्या, गॅस बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या झडपेतून, बुडबुडे यायला लागले, आधी एखादा, मग सुटायचं नावच नाही. दगडी खोलीत तो आवाज घुमतो. आमचा पेट्या बघणारा मामा, आयुष्य माशांत गेलेला माणूस, कॅनला कान लावून बसला अन् म्हणला, "पेटीसारखंच वाजतंय की रे." मला त्या वेळी लायसन्ससाठीचे सगळे हेलपाटे वसूल झाल्यासारखं वाटलं.

काही आठवड्यांनी मीटर १.००० वर थांबलं, म्हणजे साधारण साडेअकरा टक्के अल्कोहोल. गाळ तळाला बसू दिला, वरचं मीड नळीनं दुसऱ्या कॅनमधे काढलं आणि ठेवून दिलं. ताजं मीड तिखट लागतं, महिने गेले की मऊ होतं. उन्हाळ्यात आमच्या पत्र्याच्या गोडाऊनला ते नासलं असतं म्हणून एक जुना डीप फ्रीज घेऊन त्याला थर्मोस्टॅट बसवला, खर्च झाला पण तो करायलाच पाहिजे होता. पावसाळ्यात बाटली उघडली तर रंग फिक्कट पिवळा, गोडी जवळजवळ नाही, आणि मागून सूर्यफुलाच्या रानातला तो पिवळा ऊबदार वास, तो होता! ज्या मधाला कुणी हात लावत नव्हतं त्याचाच.

आता बॅच मोठ्या झाल्यात, आणि आम्हाला गोठलेला मध विकायला आणणाऱ्या आजूबाजूच्या मधपाळांना आम्ही पातळ मधाचाच भाव देतो. ह्या रब्बीत करडईच्या मधाची वेगळी बॅच लावायची आहे, परभणीकडच्या एका शेतकरीदादांशी बोलणं झालंय, फुलोरा असेपर्यंत फवारणी करायचीच वेळ आली तर माशा पेटीत परतल्यावर, संध्याकाळी करणार म्हणालेत, म्हणून पेट्या त्यांच्याच बांधावर उतरवणार.