आमची वाटचाल : आधी भाजी, मग फळा

डोंबिवली पूर्वेला स्टेशनपासून दहा मिनिटांच्या अंतरावर आमचे पोळीभाजी केंद्र आहे. २००६ साली मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई, अशा दोघींनी घरच्या ओट्यावर रोज चाळीस पोळ्या आणि दोन भाज्या करून सुरुवात केली, आणि दीड वर्षाने सध्याचा गाळा भाड्याने घेतला. पहिल्या दिवसापासून आम्ही एक नियम पाळला : आठवड्याच्या भाज्यांचे वेळापत्रक कधीही लावायचे नाही. पहाटे कल्याणच्या बाजार समितीतून आणि स्टेशनबाहेर बसणाऱ्या बायकांकडून जी भाजी कोवळी मिळेल ती आणायची, निवडायची, आणि मगच फळ्यावर खडूने ‘आजची भाजी’ लिहायची. त्यामुळे आमच्या फळ्यावर जुलैत मटार कधी आला नाही. पहिल्या पावसानंतर टाकळा आणि फोडशी, श्रावणात करटोली आणि अळूचे फदफदे, थंडीत चाकवत आणि वालपापडी, संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची भाजी, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर फणसाची कुयरी, असे आमचे वर्ष भाज्यांवरच मोजले जाते.

पहिल्या नफ्यातून आम्ही यंत्र घेतले नाही. जाऊबाईंच्या माहेरची दोन मोठी पितळी पातेली माळ्यावर पडून होती, त्यांना कल्हई करून घेतली. कल्हईवाल्याने भांडे तापवून नवसागराची पूड टाकली, कथील फिरवले आणि कापसाच्या बोळ्याने आतून पुसून घेतले, तेव्हा ते चांदीसारखे उजळले. चिंच-गुळाचे फदफदे अशा पातेल्यात जसे मिळून येते तसे पातळ ॲल्युमिनियमच्या भांड्यात येत नाही; मात्र कल्हई उडाली असेल तर आंबट पदार्थ कळकतो, म्हणून पातेल्याचा तळ दर आठवड्याला उजेडात धरून पाहावा. पालेभाजी आम्ही आजही विळीवरच चिरतो, कारण यंत्रात पाला चेचला जातो आणि कढईत जाण्याआधीच त्याला पाणी सुटते.

पुढची काही वर्षे व्यवस्थित गेली आणि रोजचे एकशे ऐंशी डबे जाऊ लागले. २०१४ च्या जूनमध्ये जे घडले ते मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण त्याविषयी आमच्या भागात अजूनही अर्धवट बोलले जाते.

मुरबाडकडून पहाटेच्या गाडीने येणाऱ्या एक मामी आम्हांला सुरुवातीपासून रानभाज्या देत. शेवळे साफ करायला मला त्यांनीच शिकवले : हाताला तेल लावायचे, वरची पाने सोलायची, दांड्याचा आतला पिवळा भाग काढून टाकायचा, उरलेले बारीक चिरून तेलात चांगले परतायचे आणि काकडे, म्हणजे लहान आंबट रानफळे, ठेचून त्यांचा गाळलेला रस घालून शिजवायचे. शेवळात सुरणासारखीच खाज असते आणि ती आंबटाशिवाय जात नाही. त्या दिवशी मामींकडे काकडे थोडीच होती. “ताई, काकडं नाय तर शेवळं घेऊ नका,” असे त्या स्पष्ट म्हणाल्या होत्या. चिंच घालून भागेल असे समजून मी शेवळे घेतली. नेमक्या त्या सकाळी सासूबाईंना दवाखान्यात न्यावे लागले आणि स्वयंपाक नव्या मदतनीस मुलीवर सोडला. तिने पिवळा भाग काढला नाही आणि चिंचही हात राखून घातली. संध्याकाळी साठ-सत्तर लोकांचे घसे खवखवले. चूक माझी होती. मी दुसऱ्या दिवशी सर्वांचे पैसे परत केले आणि फळ्यावर माफी लिहिली.

आमच्यापासून आठ गाळे सोडून त्याच वर्षी एक नवे केंद्र निघाले होते. आमच्या दोन पोळीवाल्या बायकांना त्यांनी उचल देऊन आधीच नेले होते, आणि ‘आजची भाजी’ हा फळाही तसाच, तशाच अक्षरांत लावला होता, जरी भाज्या बारा महिने त्याच, गोठवलेला मटार आणि पनीर, असत. आमच्या घटनेच्या तिसऱ्या दिवशी त्यांच्या फळ्यावर ओळ आली : ‘आमच्या भाजीने घसा धरत नाही.’ ती ओळ तिथे चार महिने होती. आमचे डबे एकशे ऐंशीवरून बेचाळीसवर आले, दोन महिन्यांचे भाडे थकले, जाऊबाईंनी पाटल्या गहाण ठेवल्या. धंद्यात दुसऱ्याची चूक दिसली तर ती आपल्या फळ्यावर लिहू नये, एवढी रीत पाळायला पैसे लागत नाहीत.

त्या काळात एक निवृत्त शिक्षिका, आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो, रोज साडेसहाला येत राहिल्या. त्यांचाही घसा धरला होता. तरी दुसऱ्याच दिवशी त्या दारात उभ्या राहून मोठ्याने विचारू लागल्या, “आज काय आहे?” आणि दोन वाट्या भाजी घेऊन जाऊ लागल्या, घरी त्या एकट्याच असताना. दुसरी वाटी त्या शेजाऱ्यांना देत होत्या, हे मला पुढे कळले. श्रावणात त्यांच्याच मजल्यावरच्या पाच घरांनी अळूची मागणी केली, आणि तिथून आमचे गाडे हळूहळू पुन्हा चालू लागले. ते दुसरे केंद्र तीन वर्षांनी बंद झाले.

मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या तेव्हाही नुकसान झाले, पण ते सगळ्यांचेच झाले, त्याची तक्रार नाही.

नव्याने या धंद्यात येणाऱ्यांना सांगावेसे वाटते की भेंडीचे टोक मोडून आणि दुधीला नख लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पालेभाजी चिरण्याआधी धुवावी, आणि मीठ ती खाली बसल्यावरच घालावे, कारण परातभर पाल्याची वाटीभर भाजी होते आणि आधी घातलेले मीठ हमखास जास्त होते. कोवळ्या मटाराला गोडा मसाला लावू नये.

मामी आता थकल्या आहेत, त्यांची सून येते. शेवळे आम्ही आजही करतो, पण काकडे मोजून घेतल्याशिवाय जुडी उचलत नाही. भाजी झाली की पहिली वाटी मी स्वतः खाते आणि अर्धा तास थांबते. त्यानंतर जाऊबाई फळ्यावर ‘शेवळे’ लिहितात, आणि बाईंना आता जिना उतरवत नाही म्हणून त्यांचा डबा मी वर नेऊन देते.