हातढकल लॉनमोवर, टप्पा दुसरा: बेअरिंग, जुळणी आणि मग धार

मागच्या नोंदीत गंज काढून, रॉकेलने धुऊन मशीन मोकळं केलं होतं. १४ इंची, पाच पात्यांचा सिलिंडर, हाताने ढकलायचं. या खेपेला फक्त पात्यांचं काम केलं आणि मशीन कापायला लागलंय!

गवत नीट कापलं जात नाही म्हटलं की पहिला हात कानशीकडे जातो. माझं मत अगदी ठाम आहे: आधी बेअरिंग बघा, मग जुळणी करा (म्हणजे पात्यांमधलं अंतर बसवा), धार सगळ्यात शेवटी. रोटरी मोवरचं पातं गवताला वेगाने फटका मारतं. सिलिंडर मोवर मात्र कात्रीसारखा कापतो, पिळाचं फिरतं पातं आणि खालची स्थिर पाती मिळून. इंग्लंडात स्ट्राउडच्या एडविन बडिंग यांनी १८३० साली या यंत्राचं पेटंट घेतलं. लोकरी कापडावरची लव कातरणाऱ्या गिरणीतल्या यंत्रावरून त्यांना ते सुचलं, असं सांगतात. कापडाला धक्का न लावता लव कातरायची तर दोन पात्यांमधलं अंतर किती नेमकं हवं! गवतालाही तेच लागतं.

काम सुरू करण्याआधी सुरक्षिततेचं. या मशीनमध्ये चाक, गिअर आणि सिलिंडर एकमेकांत गुंतलेले असतात. चाक जरा पुढे सरकलं तरी सिलिंडर फिरतो, आणि एक पातं हललं की बाकीची चारही हलतात. बोट कापतं ते बहुतेक वेळा दुसऱ्या हाताचं, जो सहज खालच्या पातीवर टेकवलेला असतो. म्हणून मशीन लाकडी ठोकळ्यांवर घेतलं, चाकं अधांतरी ठेवली. नट खोलताना सिलिंडरमध्ये लाकडी पाचर. हातात अंगाबरोबर बसणारे चामड्याचे मोजे, कारण सैल सुती मोजे पात्यात ओढले जातात. सिलिंडर फिरवायचा तो लाकडी दांडक्याने, आणि ज्याचा हात मशीनवर आहे त्यानेच; मदतनीसाने नाही. तुमचं मशीन विजेचं असेल तर प्लग भिंतीतून काढून डोळ्यांसमोर ठेवा. पेट्रोलचं असेल तर स्पार्क प्लगची टोपी आधी उपसा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

बेअरिंग: सिलिंडरचा दांडा धरून वर-खाली हलवला, तर उजवीकडे स्पष्ट डुगडुगत होता. असा प्ले असताना कितीही जुळणी करा, दोन फेऱ्यांत बिघडते. छर्रे बदलले, ग्रीस भरलं, आणि सिलिंडर मोकळा फिरेल पण हलणार नाही इतपत नट आवळला.

आता जुळणी, माझा सगळ्यात आवडता भाग. पात्यांवर खडूने १ ते ५ आकडे टाकले. वर्तमानपत्राच्या लांब पट्ट्या कापल्या, म्हणजे हात पात्यापासून दूर राहतो. पट्टी खालच्या पातीवर काटकोनात धरायची आणि सिलिंडर सावकाश फिरवायचा. प्रत्येक पातं डावीकडे, मध्ये, उजवीकडे. एकूण १५ काप, वहीत तक्ता. डावीकडे कागद सुरेख कापला जात होता, उजवीकडे नुसता दुमडून आत जात होता. ३ नंबरच्या पात्याने तर तिथे कागदाला चुण्या पाडल्या.

माझ्या मशीनला खालच्या पातीसाठी दोन्ही बाजूंना दोन-दोन स्क्रू आहेत. एक सैल केल्याशिवाय दुसरा आवळायचा नाही, आणि एका वेळी आट्याचा आठवा भाग, जास्त नाही. दर वेळी कागद लावून बघायचा. कान द्या: हलकी, एकसारखी कुजबुज आली की बरोबर. खर्र आवाज आला तर जास्त आवळलंय, मशीन ढकलायला जड जाईल आणि पाती तापून झिजतील. एकच बाजू सतत आवळत राहिलं तर सिलिंडर एका टोकाला निमुळता झिजतो. मग ग्राइंडिंग मशीनशिवाय इलाज नाही.

इतकं झाल्यावरही ३ नंबर उजवीकडे कुरकुरत होता, म्हणून शेवटी धार. ऑटो स्पेअर्सच्या दुकानात मिळणारी वॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट (धातू घासायची खरखरीत पेस्ट), डबीच्या दोन बाजूंपैकी जाड कणांची. गिअर सोडवून दांड्याला हँडल लावलं, लांब दांड्याच्या ब्रशने पेस्ट फासली आणि सिलिंडर उलटा फिरवला. कापण्याच्या दिशेने फिरवू नका. पात्यांच्या कडेवर राखाडी, अखंड पट्टी दिसली की थांबायचं. दगड लागून पडलेली मोठी खाच यात जात नाही, ती ठेवलीय तशीच. नंतर पेस्टचा कणही उरता कामा नये, नाहीतर घासणं चालूच राहतं. रॉकेल, साबणाचं पाणी, कोरडं फडकं, तेल. मग जुळणी पुन्हा तपासली, कारण घासल्याने अंतर थोडं वाढतंच.

सगळे १५ काप आता स्वच्छ आहेत. हरळीवर चालवून दुसऱ्या दिवशी गवताच्या पात्यांची टोकं भिंगातून पाहिली: सरळ कापलेली, हिरवी. फाटलेलं टोक पांढुरकं पडून वाळतं, तसं कुठेच नव्हतं.

पुढच्या टप्प्यात गिअरमधले कुत्रे (चाक पुढे जाताना सिलिंडर फिरवणारे, मागे ओढताना सोडून देणारे खटके) आणि मागचा लाकडी रोलर. डावीकडचा कुत्रा अधूनमधून सटकतो. त्याची स्प्रिंग कुणी स्वतः बनवली असेल तर तारेची जाडी नक्की कळवा.