टेरिटी बाजारातलं देऊळ: कोलकात्यातले अकरा दिवस

टेरिटी बाजार ही कोलकात्यातली जुनी चिनी वस्ती. तिथल्या एका चिनी देवळाच्या साफसफाई-दुरुस्तीसाठी आम्ही गेलो होतो, पण पहिले दोन दिवस आम्हाला देवळातल्या कशालाही हात लावू दिला नाही. पुण्याहून आलेले आम्ही आठ जण, वास्तुकलेच्या चौथ्या वर्षाचे, सोबत आमचे सर आणि खोकंभर ब्रश. देवळाची किल्ली ज्यांच्याकडे असते त्या आजींना गल्लीत सगळे आंटी म्हणतात. त्या बंगाली वळणाच्या हिंदीत म्हणाल्या, "पहले बैठो. देखो कौन आता है."

म्हणून बसलो. सकाळी सातला एक म्हातारे गृहस्थ आले, तीन उदबत्त्या लावून निघून गेले. मग बुटांच्या दुकानातून एक बाई आल्या. त्यांनी कौल लावायला बांबूच्या नळकांड्यातल्या काड्या खळाखळा हलवल्या. एक काडी खाली पडली, तिच्यावरचा आकडा पाहून त्यांनी भिंतीवरच्या कप्प्यातून चिठ्ठी काढली आणि वाचत बसल्या. दुपारी कॅनडाहून आलेलं एक कुटुंब नातवाला फलकावरचं पणजोबांचं नाव दाखवायला घेऊन आलं. आम्ही येतानाच आखून आणलेल्या नकाशात शिडी नेमकी त्याच नावासमोर उभी राहणार होती! त्या दोन दिवसांत तो नकाशा पूर्ण बदलला.

आम्ही काम केलं त्या देवळाचं नाव विश्वस्तांच्या विनंतीवरून इथे देत नाही. आजूबाजूची देवळं मात्र कुणीही पाहावीत अशी आहेत. मध्य कोलकात्यातल्या या भागाला टिरेट्टा हे नाव अठराव्या शतकात इथे आलेल्या एदुआर्दो तिरेत्ता या व्हेनिसच्या माणसावरून पडलं, बोलण्यात त्याचं टेरिटी झालं. इथे चिनी देवळांना 'चर्च' म्हणतात. पत्ता विचारताना 'चिनी मंदिर कुठे' असं विचारलंत तर लोक विचारात पडतात, 'सी इप चर्च' म्हटलं की लगेच बोट दाखवतात. सी इप छातावाला गल्लीत आहे. 1882 साली स्थापन झालं, आजची इमारत 1905 ची. ब्लॅकबर्न लेनमधलं लाल विटांचं तूंग ऑन 1924 चं. त्याच्या तळमजल्यावर एके काळी नानकिंग हे नावाजलेलं रेस्टॉरंट होतं.

सी इपमध्ये मुख्य देवी क्वान यिन. ती म्हणजे चीनमध्ये जाऊन स्त्रीरूप घेतलेला आपला अवलोकितेश्वर, करुणेचा बोधिसत्त्व. कान्हेरीच्या 90 क्रमांकाच्या लेण्यात आणि औरंगाबादच्या सातव्या लेण्यात अवलोकितेश्वराभोवती, तो ज्यांतून तारतो ती आठ संकटं कोरलेली आहेत. त्यांतलं एक आहे बुडणारं जहाज. दक्षिण चीनमधल्या कँटनकडून समुद्र ओलांडून आलेल्या सुतारांनी हीच देवी का मानली, हे मला त्या औरंगाबादच्या शिल्पाची आठवण झाल्यावर उमजलं.

आता कामाचं. देव्हाऱ्यापुढचं कोरीव मखर लाकडाचं, वर रोगण, त्यावर सोन्याचा वर्ख. सगळ्यावर उदबत्त्यांची कित्येक वर्षांची काजळी. अशा ठिकाणी पाणी, साबण, पितांबरी, लिंबू यांतलं काहीही आणायचं नाही. आमच्यातल्या एकीने तिसऱ्या दिवशी 'जरासं ओलं' फडकं फिरवलं आणि फडक्यावर सोनं उतरलं. बोटभर जागा. ती मीच. आंटी रागावल्या नाहीत. त्यांनी ते फडकं घडी करून देवीपुढे ठेवलं, आणि तेच जास्त लागलं. वर्ख जुन्या सरसावर जेमतेम टिकून असतो, ओल लागली की सुटतो. त्यानंतर फक्त बकरीच्या केसांचे मऊ ब्रश आणि नळीच्या तोंडाला जाळीचं कापड बांधलेला व्हॅक्यूम, तोही लाकडापासून चार बोटं लांब धरून. जाळी अशासाठी, की सुटलेला तुकडा आत ओढला न जाता कापडावर सापडावा. एका माणसाच्या हातून तासाला तळहाताएवढी जागा होते. त्याहून वेगाने होत असेल तर काहीतरी चुकतंय असं समजा.

भिंतींचं दुखणं वेगळं होतं. मूळ बांधकाम वीट, चुना आणि सुरखीचं (विटांच्या भुकटीचं). मधल्या काळात कुणीतरी खालच्या चार फुटांना सिमेंटचा गिलावा केलेला. जमिनीतून चढणारी ओल चुन्यातून बाहेर श्वास टाकते, सिमेंटखाली कोंडते आणि वरच्या बाजूला क्षार घेऊन फुटते. पोपडे धरलेल्या रेषेची उंची मोजली तेव्हा ती सिमेंटच्या कडेच्या थोडी वर सगळ्या भिंतींवर सारखीच निघाली. मुर्शिदाबादच्या एका राजमिस्त्रींबरोबर आम्ही एका चौरस मीटरवरचं सिमेंट काढून चुना-सुरखीचे तीन थर दिले. अकरा दिवसांत तेवढंच होतं. चुना सावकाश धरतो, त्याला रोज शिंपडून ओलं ठेवावं लागतं, आणि आम्ही निघालो त्या दिवशीही तो धरतच होता. कुणी 'आठवड्यात देऊळ नवं करू' असं ठरवून निघत असेल तर निघू नका.

एक वाद झाला, तोही सांगते. विश्वस्तांना चिनी नव्या वर्षाआधी सगळं लाल ऑइलपेंटने रंगवायचं होतं. सर म्हणाले, रोगणावर ऑइलपेंट म्हणजे कायमचं नुकसान. दोन संध्याकाळी चहावर बोलणी झाली. शेवटी बाहेरचा दरवाजा लाल रंगवला, आतली फळी-न्-फळी तशीच ठेवली. मला सुरुवातीला दरवाजाचंही वाईट वाटलं होतं. आता वाटतं, विश्वस्त बरोबर होते. तो दरवाजा कित्येकदा रंगवलेला होताच, आणि सणाला दार नवं दिसावं ही त्या घराची रीत आहे.

सगळ्यात जास्त शिकलो ते फलक वाचताना. आमच्यापैकी कुणालाच चिनी येत नव्हतं, तरी साल वाचता येतं. आडव्या फलकावरची मोठी अक्षरं उजवीकडून डावीकडे वाचायची. बहुतेक वेळा उजव्या कडेला बारीक अक्षरांत साल असतं, डाव्या कडेला देणगी देणाऱ्यांची नावं. साल सम्राटाच्या नावाने दिलेलं असतं. क्वांगशू या सम्राटाचं पहिलं वर्ष 1875, म्हणजे 'क्वांगशू 31' हे 1905. पुढे प्रजासत्ताकाची, मिनक्वो वर्षं येतात. त्यांत 1911 मिळवायचे, म्हणजे मिनक्वो 13 हे 1924. एक ते दहा आकडे आणि ही दोन नावं, एवढं गाडीतच पाठ करून जा. फोटो काढताना दिवा समोरून न मारता बाजूने, फलकाला जवळजवळ टेकवून धरा. काजळीखाली बुजलेल्या अक्षरांच्या कडा सावलीने उठून दिसतात. खडू किंवा पीठ चोळून अक्षरं उठवण्याचा मोह टाळा.

नावं मात्र आम्हाला आंटी आणि त्यांच्या दोन वयस्क शेजाऱ्यांनी वाचून दाखवली. प्रत्येक नावापुढे गाव, आणि गावावरून धंदा. कँटनकडचे बरेचसे सुतार, काही गोदीत कामाला. हाक्का या दुसऱ्या चिनी समूहाच्या लोकांकडे जोडे आणि पुढे टँगरा या कोलकात्यातल्याच भागातले चामड्याचे कारखाने. हुपेह प्रांताचे लोक दाताचे डॉक्टर. वाचता वाचता एका नावाशी एक शेजारी थांबले आणि म्हणाले, "ये देवली गया था." 1962 च्या युद्धानंतर सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या भारतीयांना राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं होतं. बरेच जण नंतर देश सोडून गेले, अनेक जण टोरंटोला. आम्ही रेकॉर्डर बंद केला. ते पुढे बोलले नाहीत, आम्ही विचारलं नाही. तुमच्या प्रश्नावलीत 1962 असेल तर ते पान पिशवीतच राहू द्या. त्यांना सांगायचं असेल तर ते सांगतील.

जाण्याचं म्हणाल तर पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेसने दोन रात्री आणि मधला एक दिवस, मुंबईहून गीतांजली. हावड्याहून हुगळीखालून जाणारी मेट्रो पकडून महाकरण स्थानकाला उतरा आणि लालबाजारवरून चालत या. निळ्या मार्गावरून येणाऱ्यांना सेंट्रल स्थानक सोयीचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पावसाळ्यात चुन्याचं काम आणि कागदपत्रांची नोंद दोन्ही हाल करतात. चिनी नव्या वर्षाच्या आठवड्यात पाहुणे म्हणून जरूर जा, तेव्हा काम मागू नका. देवळांच्या वेळा ठरलेल्या नसतात, किल्ली कुणाकडे आहे हे गल्लीतच विचारावं लागतं. आधी पत्र, मग भेट, मग कॅमेरा, हा क्रम मोडू नका.

पोद्दार कोर्टाजवळ सकाळी रस्त्यावर चिनी नाश्ता मिळतो: वाफाळते बाव (सारण भरलेले पाव), मोमो, फिशबॉलचं सूप. रविवारी जास्त, पण सहालाच पोचा, आठनंतर पातेली रिकामी. शाकाहारी माणसाला फार काही मिळत नाही. आमच्यातले तिघे रोज जवळच्या दुकानात कचुरी-भाजी खात होते आणि खूश होते.

एक दिवस आछिपूरसाठी राखून ठेवा. सियालदहून बजबजची लोकल, पुढे ऑटो. अठराव्या शतकात टाँग अच्यू नावाच्या चिनी माणसाला वॉरन हेस्टिंग्जने इथे वर्षाला 45 रुपये खंडाने 650 बिघे जमीन दिली. त्याने साखर कारखाना काढला, गावाला त्याचंच नाव पडलं. हुगळीच्या काठावर घोड्याच्या नालेच्या आकाराची त्याची लाल समाधी आहे. जवळच्या देवळातल्या भूमिदेव आणि त्याच्या पत्नीला गावचे लोक खुदा-खुदी म्हणतात. आवारातच दक्खिनराया या बंगाली व्याघ्रदेवाचं ठाणं आहे. आम्ही गेलो तेव्हा दोन्हीकडे ताजी फुलं होती.

परतल्यावर आम्ही चौघे डॉकयार्ड रोडला उतरलो. माझगावच्या नवाब टँक रोडजवळ मुंबईचं चिनी देऊळ आहे, 1919 चं. खाली क्वान यिन, वरच्या मजल्यावर लाल चेहऱ्याचा, लांब दाढीचा सेनापती क्वान. नाव, सी यूप कून. सी यूप म्हणजेच सी इप, 'चार परगणे', कँटनजवळच्या त्याच चार परगण्यांची माणसं. पंधरा वर्षं मुंबईत राहून हे मला कोलकात्याने सांगितलं. कोलकात्यात उतरवून घेतलेल्या नावांची वही सोबत होती. ती आम्ही तिथल्या काळजीवाहू कुटुंबाला दाखवली. त्यांनी ती उघडण्याआधी आम्हाला बसायला सांगितलं.