फक्त उत्तरं ऐकू येतात

आमच्या आजीचा फोन म्हणजे अर्धाच सिनेमा. रविवारी पोहे-जिलबी झाली की ग्वाल्हेरहून मावशीआजीचा फोन येतो, मी बाजूच्या खोलीत मटार सोलत बसलेली, आणि मला ऐकू येतं ते फक्त इकडचं. "हो... नाही गं, पेटी तेव्हाच विकली... तो कुठला यायला!" मग बराच वेळ काहीच नाही. मग एकदम, "मग ती हिरवी साडी कोणाची होती?" आता मटार सोलायचे की भिंतीला कान लावायचा?

परवा भाच्याने लॅपटॉपवर 'हर स्टोरी' लावून दिला, सॅम बारलोचा 2015 चा गेम. "आत्या, यात पळायचं-मारायचं काही नाही, तुला जमेल," म्हणे, आगाऊ. 1994 सालच्या पोलीस चौकशीचे व्हिडिओ, त्यांचे नुसते तुकडे, त्यात एक बाई नवऱ्याबद्दल बोलतेय आणि पोलिसांचे प्रश्न कुठेच नाहीत, फक्त तिची उत्तरं! आपण शब्द टाइप करायचा (पहिला 'मर्डर' आधीच लिहून ठेवलेला असतो), तो शब्द ती जिथे जिथे बोलली ते तुकडे सापडतात, पण बघायला मिळतात त्यातले पहिले पाचच, तेही तारखेच्या क्रमाने. म्हणजे नेहमीचा शब्द टाकला की सुरुवातीचंच हाती लागतं, शेवटचं काढायचं तर तिने शेवटीच उच्चारलेला शब्द पाहिजे, आणि तो शोधायला पुन्हा दुसरे तुकडे.

मी कागदावर शब्द लिहितेय, बाण काढतेय, आणि आजी, जिला इंग्रजीतलं ओ का ठो कळत नाही, चष्मा पुसून म्हणते, "हिचे कपडे बघ, बदललेत. हा दुसऱ्या दिवसाचा जबाब." झालं, माझे सगळे बाण खोडले. पुढे तिने आणखीही काही ओळखलं, पण ते नाही सांगत, तुम्ही खेळा.

सिनेमातल्या नायकाने पुढे काय करायचं ते प्रेक्षकांनी ठरवायचं, हा प्रकार तसा जुनाच, 1967 मध्ये मॉन्ट्रियलच्या एक्स्पोत, म्हणजे जागतिक प्रदर्शनात, चेक लोकांनी थिएटरमध्ये बटणं दाबून मतं घेतली होती. मला नाही त्यात मजा येत. इंदूरच्या सराफ्यात, खाऊच्या गाड्यांपुढे उभं राहून "काय खायचं, तूच सांग" म्हणणाऱ्या नवऱ्यासारखं वाटतं. इथे जे व्हायचं ते होऊन गेलंय, आपण फक्त उशिरा पोचलोय.

रात्री आजीला थेटच विचारलं, हिरवी साडी कोणाची? "कसली साडी? झोप." मग म्हटलं, आजी, आपल्याकडे पेटी होती ना गं? तर काय, पेटी, पेटीचा फुटका भाता, ती विकत घेणारे मास्तर, त्यांची न परत केलेली छत्री, सगळं निघालं, मध्येच "उज्जैनहून आली त्या दिवशी" असंही काहीतरी म्हणाली, आणि लगेच "चल, दिवा बंद कर."

उज्जैन आजपर्यंत कधी आलं नव्हतं. कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलंय. रविवारी विचारते.