कुत्रा शेवटी चावतो

‘मूळ गाण्याची सर नाही बुवा’ असं म्हणणाऱ्यांत आमच्या घरी नवरा पहिला. जुनं गाणं नव्या गळ्यातून आलं की हा रिमोट शोधायला लागतो. बऱ्याचदा त्याचं बरोबरच असतं. हल्ली हॉटेलात जेवताना गिटारवर मंद करून, उसासे टाकत म्हटलेली गाणी वाजतात, त्यांनी चांगली भाजीसुद्धा बेचव होते. पण जॅझवाले दुसऱ्याचं गाणं उचलतात तेव्हा प्रकरण वेगळं असतं. कसं, ते मला एकाच तबकडीवरून सांगता येईल: अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचं ‘माय फेव्हरिट थिंग्ज’.

गाणं रॉजर्स आणि हॅमरस्टाइन या संगीतकार-गीतकार जोडीचं. ‘द साउंड ऑफ म्युझिक’ आपण पाहिला तो १९६५चा सिनेमा. त्याआधी ते न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरचं संगीत नाटक होतं, नोव्हेंबर १९५९ मध्ये आलेलं. कोल्ट्रेनने हे गाणं ऑक्टोबर १९६० मध्ये रेकॉर्ड केलं. म्हणजे पडद्यावर त्या वादळी रात्री पोरं ज्युली अँड्र्यूजभोवती गोळा झाली, त्याच्या चार वर्षांहून जास्त आधी. तेव्हा ते चालू नाटकातलं एक गोडगोड गाणं होतं, बस्स.

चाल त्याने मोडली नाही. सोप्रानो सॅक्सोफोनवर ती जवळजवळ जशीच्या तशी येते. हा सोप्रानो सरळ नळीचा, दिसायलाही सनईच्या जातीचा, आणि त्या काळच्या जॅझमध्ये फारसा कुणी हातात घेत नसे. मी पहिल्यांदा घरी लावलं तेव्हा आई आतून म्हणाली, “सनई कोण वाजवतंय गं? जरा टोचते कानाला. पण दम आहे हो छातीत.”

खरा बदल चालीच्या खाली आहे. मूळ गाण्यात कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचे गुच्छ, पुढे पुढे सरकत राहतात. इथे चालीच्या ओळी संपल्या की कोल्ट्रेन आणि पियानोवरचा मॅकॉय टायनर त्या वाटेने जातच नाहीत, एका स्वरावर ठाण मांडून बसतात. आधी ई मायनर, मग ई मेजर. म्हणजे आपल्या भाषेत षड्ज तोच, गंधार तेवढा कोमलचा शुद्ध होतो. खाली स्टीव्ह डेव्हिसचा बास तंबोऱ्यासारखा तो षड्ज धरून. कोल्ट्रेनला रविशंकरांच्या संगीताची ओढ होती, पुढे मुलाचं नावही त्याने रवी ठेवलं, त्यामुळे हा योगायोग नसावा. टायनर तर त्याच दोन-चार सुरावटी मिनिटामागून मिनिट घोळवतो आणि कंटाळा येत नाही. एल्विन जोन्सचे ड्रम्स तीनाच्या लयीत. दादरा समजून मांडीवर ठेका धरून बघा; सम अशी लपवतो की हात हवेतच राहतो.

आता कुत्र्याकडे येते. गाण्याचे शब्द म्हणजे आवडत्या गोष्टींची यादी: गुलाबावरचे पावसाचे थेंब, मांजराच्या पिल्लाच्या मिशा वगैरे. यादी झाली की पुढचा भाग येतो: कुत्रा चावला, मधमाशी डसली, मन खट्टू झालं, तर या गोष्टी आठवायच्या. मूळ गाणं या दोन भागांवर उभं आहे. कोल्ट्रेन दुसरा भाग राखून ठेवतो. साडेतेरा मिनिटांच्या वादनात तो येतो अगदी शेवटी. तोवर आपण यादीतच फिरत असतो, पुन्हा पुन्हा, कधी मायनरमध्ये तर कधी मेजरमध्ये, आणि ती यादी हळूहळू अस्वस्थ व्हायला लागते. एकही शब्द न उच्चारता. मला तर वाटतं, नाटकातल्यापेक्षा इथला कुत्रा जास्त जोरात चावतो.

हे जमतं कारण ऐकणाऱ्याला गाणं आधीच ठाऊक असतं. नवीन चाल असती तर काय राखून ठेवलंय हे कुणाला कळलं असतं? कुमार गंधर्वांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ मांडलं तेव्हाही समोर ती पदं पाठ असलेली माणसं होतीच की. जागा कुठे बदलली, कुठे मुद्दाम सोडली, हे त्यांनाच दिसणार. जॅझमध्ये अशा सर्वांच्या तोंडी असलेल्या गाण्यांना ‘स्टँडर्ड’ म्हणतात, आणि ती वाजवणाऱ्याला कुणी नक्कल केली म्हणून हिणवत नाही.

कोल्ट्रेनने हे गाणं शेवटपर्यंत सोडलं नाही. १९६६च्या जपान दौऱ्यात ते तासाच्या घरात गेलं. त्यात चाल हुडकत बसावी लागते. मला झेपत नाही, खोटं कशाला बोलू. उलट टोक ऐकायचं तर जॅझमधल्याच ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचं ‘टाइम आफ्टर टाइम’. पॉप गायिका सिंडी लॉपरचं हे गाणं पुरतं जुनं व्हायच्या आतच, १९८५ मध्ये त्याने ते आपल्या तबकडीवर घेतलं. ट्रम्पेटच्या तोंडाला म्यूट, म्हणजे आवाज दाबणारं बूच, लावून चाल सरळ वाजवली आहे, श्वासाच्या जागा तेवढ्या त्याच्या स्वतःच्या. मागचे सिंथेसायझर मात्र १९८५ सालातच अडकून पडलेत.